अपिस्तिया आणि साठ गोळ्या

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सोबत जानेवारीच्या सहा रिकाम्या स्ट्रिप्स. मोजून घे. महिना एकतीस दिवसांचा होता, तेव्हा शेवटच्या दोन गोळ्या नव्या स्ट्रिपमधल्या आहेत, त्या फेब्रुवारीत धर. नाहीतर मागच्या वर्षीसारखं "दोन कमी भरतात, खुलासा कर" असं पत्र पाठवशील आणि वहिनी मला विचारेल, तुमच्या घरात पोलीसखातं कुणाकडे होतं गं?

आता कामाचं. आमच्या चर्चच्या मंडळीत सहा महिन्यांपूर्वी नवे पाळकसाहेब आलेत हे लिहिलं होतंच. माणूस मनाचा चांगला, आवाज त्याहून चांगला. गेल्या रविवारी मी शास्त्रपाठ वाचला आणि खाली बसले, तर त्यावर ते पाऊण तास बोलले. म्हणाले, घरात आजार रेंगाळतो तो अविश्वासाच्या ओलीवर. मूळ ग्रीकमध्ये त्याला खास शब्द आहे म्हणे, अपिस्तिया. तीनदा उच्चारला, प्रत्येक वेळी थोडा मोठ्याने. मग म्हणाले, एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात प्रार्थना धरणाऱ्याच्या दोन्ही गोष्टी निसटतात.

लोक माना डोलवत होते. मीही डोलवली असेन, सवयीने. घरी आल्यावर वाटलं, दादाला विचारावं. लिफ्टच्या टपावर बसून डबा खाता खाता तू ग्रीक शिकलास, त्याचा कुटुंबाला एकदा तरी उपयोग होऊ दे. त्या शब्दाचा अर्थ खरंच तेवढाच आहे का?

फोनवर सांगू नकोस. फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता बोलतोस. पत्रात निदान मला मध्येच थांबून चहा करता येतो. उत्तर एका पानात दे. देणार नाहीस, माहीत आहे.

तुझी,
बारकी


११ फेब्रुवारी

प्रिय बारके,

एका पानात उत्तर मागणं म्हणजे सात मजल्यांच्या इमारतीत दोन मजल्यांपुरता दोर मागणं. तरी प्रयत्न करतो.

आधी एक दुरुस्ती. मी टपावर बसून शिकलो नाही. टपावर बसायला मनाई आहे. मी मशीनच्या खोलीत बसून शिकलो, साडेबारा ते एक, नऊ वर्षं. ग्रंथालयाच्या लिफ्टचं काम माझ्याकडे होतं आणि तिथल्या बाईंनी रद्दीत निघालेला शब्दकोश मला दिला. त्याला पुठ्ठा तूच घातलास, विसरलीस वाटतं. कुठल्याही पाळकाच्या शाळेत मी गेलो नाही, म्हणून मला कुणाच्या डोलणाऱ्या मानांची सवय नाही.

आता शब्द. ग्रीकमध्ये पिस्तिस म्हणजे भरवसा. त्याच्या आधी 'अ' लागला की अपिस्तिया. आपल्या अविश्वासातला 'अ' जे काम करतो तेच काम तो करतो. नव्या करारात हा शब्द अकरा ठिकाणी आहे. बाराव्या जागेबद्दल जुन्या हस्तलिखितांचं आपसात जमत नाही. काहींत हा शब्द आहे, काहींत 'अल्पविश्वास' असा दुसराच. तुझ्या पाळकसाहेबांना हे माहीत असेल तर त्यांचं कौतुक, नसेल तर सांग.

दोनच जागा पाहा. पहिली, येशू स्वतःच्या गावी जातो ती. तिथल्या लोकांच्या अपिस्तियामुळे त्याला तिथे फारसं काही करता आलं नाही, असं लिहिलंय. पण ते लोक म्हणत काय होते? हा आपल्यातलाच ना, ह्याची आई आपल्याला ठाऊक, ह्याच्या बहिणी इथेच नांदतात. म्हणजे त्यांनी कुठलं तत्त्व नाकारलं नव्हतं. समोरच्या माणसाला लहानपणापासून ओळखत होते, आणि म्हणूनच त्याच्यावर भरवसा टाकायला तयार नव्हते. अपिस्तिया म्हणजे हे. माणसावरचा भरवसा आखडून घेणं. तिथे गोळीचा उल्लेख नाही, काढ्याचा नाही, वैद्याचा नाही. आणि त्या गावातही थोडे आजारी बरे झालेच, तेही त्याच वाक्यात आहे. पाळकमंडळी वाक्य अर्धं वाचतात.

दुसरी जागा तुला मी सांगायला नको. मुलाला फिट येतात, तो विस्तवात पडतो, पाण्यात पडतो, आणि बाप त्याला घेऊन येतो. बाप म्हणतो, विश्वास आहे माझा, आणि त्याच दमात म्हणतो, माझ्या अपिस्तियाला मदत कर. दोन्ही एका तोंडाने. त्याला कुणी सांगितलं का, की बाबा रे, आधी घरी जा, विश्वास पुरा भरून आण, मग बघू? नाही. मुलगा बरा झाला. विचार त्यांना.

तुझी वहिनी म्हणते आहे, पुरे, पोरीला नोकरी आहे. चार पानं झाली.

स्ट्रिप्स मिळाल्या. साठ भरल्या. एक विचारायचं होतं, पण राहू दे.

तुझा,
दादा


१९ फेब्रुवारी

रा. रा. पाळकसाहेब यांस,

आपली ओळख नाही. आपल्या मंडळीत दर रविवारी जी बाई शास्त्रपाठ वाचते तिचा मी थोरला भाऊ. लिफ्ट दुरुस्त करतो. गोडगोड लिहिता येत नाही, म्हणून सरळ लिहितो.

माझ्या बहिणीला वयाच्या चौदाव्या वर्षापासून फिट येतात. सकाळी आठला एक आणि रात्री आठला एक अशी गोळी ती घेते, आणि त्या गोळीमुळे गेली नऊ वर्षं तिला एकही फिट आलेली नाही. गोळीच्या रिकाम्या स्ट्रिप्स ती मला दरमहा पाठवते. ही पद्धत एकोणीस वर्षांची आहे.

माझा धंदा झीज बघण्याचा आहे. दोर किती वापरला गेला हे मालक सांगतो त्यावरून ठरवत नाही, तारा बघून ठरवतो. तीच नजर मी स्ट्रिप्सना लावतो. माझी बहीण बुकबाइंडिंगच्या कारखान्यात फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवते. तिच्या बोटांना कायम खळ असते. आजवर प्रत्येक स्ट्रिपच्या चंदेरी कागदावर खळीचा डाग असायचा. रोज पर्समधून आतबाहेर झाल्यामुळे स्ट्रिप मधोमध वाकलेली असायची. ऑक्टोबरपासून आलेल्या चोवीस स्ट्रिप्स माझ्यापुढे आहेत. चोवीसच्या चोवीस स्वच्छ. सपाट. सगळ्या खाचा एकाच कोनातून, एकाच बैठकीत दाबलेल्या. म्हणजे गोळ्या रोज एकेक करून घेतल्या जात नाहीत. एकदम काढून कुठेतरी टाकल्या जातात आणि रिकामी स्ट्रिप भावाच्या समाधानासाठी टपालात पडते.

आपण सहा महिन्यांपूर्वी आलात. स्ट्रिप्स चार महिन्यांपूर्वी बदलल्या. हिशेब आपणच करा.

अपिस्तिया ह्या शब्दाची आपण केलेली फोड चुकीची आहे. सविस्तर हवी असल्यास कळवावे, अकराही जागा उतरवून पाठवीन. पण शब्द चुकला तर वाद होतो; गोळी चुकली तर माणूस जिन्यावरून पडतं. ती पडली तर तुमच्या आवाजाचा गोडवा मला शांत करू शकणार नाही, हे लक्षात असू द्या.

आपला,
तिचा भाऊ


२७ फेब्रुवारी

सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र दोनदा वाचलं. आपल्या रागामागचं प्रेम मला दिसलं.

आधी एक स्पष्ट करतो. मी कुणालाही औषध फेकायला सांगितलेलं नाही. आपल्या भगिनींना काही आजार आहे हे मला आपल्या पत्रातूनच प्रथम कळलं. त्या आमच्यात सर्वांत खणखणीत वाचतात. मनात आलंसुद्धा नव्हतं.

आपण शब्दाचा अभ्यास केलेला आहे, मी मान देतो. मी मात्र शब्दकोशाने घडलेलो नाही. माझी आई औषधांनी भरलेल्या कपाटाशेजारच्या खाटेवर गेली. शेवटच्या महिन्यात ती बाटल्यांची नावं घ्यायची, देवाचं नाही, माझंही नाही. तेव्हापासून मला त्या कपाटाची भीती वाटते. मी जे बोलतो ते तिथून येतं.

आता मला ठाऊक झालं आहे तर मी गप्प बसणं योग्य होणार नाही. आपल्या भगिनी चोरून गोळ्या टाकत असतील, तर त्यांच्या मनात श्रद्धेची ओढ आहे आणि उघड करायचं धैर्य तेवढं नाही. मंडळी त्यांना ते धैर्य देईल. आपण निश्चिंत असा.

आपला,
पाळक


५ मार्च

दादा,

प्रिय वगैरे आज लिहीत नाही.

रविवारी संध्याकाळची सभा होती. मी पाठ वाचून खाली बसले. पाळकसाहेबांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि म्हणाले, एका भावाचं पत्र आलं आहे, नाव घेत नाही. नाव कशाला घ्यायचं? तुझं अक्षर मी बाराव्या बाकावरून ओळखते, टिंबसुद्धा फूटपट्टीने दिल्यासारखं. त्यांनी वाचलं. फिट येतात. चौदाव्या वर्षापासून. खळीचे डाग. फर्मे शिवते. दादा, त्या सभेत फर्मे शिवणारी मी एकटीच आहे! पुढच्या बाकावरचे शिंपीकाका तर वळून माझ्या बोटांकडे बघायला लागले.

मग पाळकसाहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आवाज अगदी मऊ. "भगिनी, तुम्ही एकटीने लपूनछपून जे करता आहात ते आज सगळ्यांसोबत करा. पर्समध्ये ज्या असतील त्या इथे ठेवा."

मी म्हटलं, "काय ठेवू?"

"गोळ्या."

"त्या मी टाकत नाही. खाते."

"तुमचे बंधू तर लिहितात..."

"बंधू लिफ्टवाले आहेत, साहेब. त्यांना माणूस बघायची सवय नाही, दोर बघायची आहे."

कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. घड्याळात साडेसात झाले होते. मी पर्समधून डबी काढली, संध्याकाळचा खण उघडला, त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि सगळ्यांच्या देखत गोळी घेतली. पेला परत ठेवला. अर्धा तास लवकर घेतली, तुझ्या वहीत नोंद कर.

मग मी म्हटलं, "आज मी जो पाठ वाचला तो त्या बापाचा होता, तुम्ही नीट ऐकला नाहीत. तो पोराला घेऊन आला होता. पोराला घरी टाकून आपली श्रद्धा दाखवायला नव्हता आला." आणि बसले.

सभा संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, काही आठवडे वाचनाला विश्रांती द्या. अकरा वर्षं मी वाचते आहे तिथे. तुझ्या एका पत्राने ते गेलं.

आता डबीचं सांगते. ऑक्टोबरात मी चौदा खणांची डबी आणली. खळ लागलेल्या बोटांनी तो चंदेरी कागद फाटत नाही, निसटतो. एकदा गोळी मशीनखाली गेली. म्हणून रविवारी हात स्वच्छ असताना आठवड्याच्या चौदा गोळ्या काढून डबीत भरते. म्हणून तुझ्या स्ट्रिप्स स्वच्छ. म्हणून सपाट. झालं तुझं संशोधन?

तू एक ओळ लिहून विचारलं असतंस तर मी एका ओळीत सांगितलं असतं. "एक विचारायचं होतं, पण राहू दे" असं मला लिहिलंस, आणि विचारलंस कुणाला? ज्याला माझा आजार ठाऊक नव्हता त्याला.

चार पानं भरून मला अर्थ सांगितलास. लहानपणापासून ओळखणारी माणसं आणि आखडून घेतलेला भरवसा. फार सुरेख लिहिलं होतंस. लिहिताना आरसा जवळ नव्हता का?

त्याला माझ्या भरलेल्या स्ट्रिप्स हव्यात, तुला रिकाम्या. दोघांनाही मी नको आहे. मार्चपासून स्ट्रिप्स येणार नाहीत. ह्या महिन्यात नाही, पुढच्या नाही, कधीच नाही.

बारकी


१२ मार्च

प्रिय बारके,

डबीचा विचार माझ्या मनात आला नाही. तो यायला हवा होता. खुणा मी बरोबर वाचल्या होत्या, निष्कर्ष चुकला. एवढं मी मान्य करतो.

पाळकाने पत्र सभेत वाचायला नको होतं. ते खासगी होतं. तो गुन्हा त्याचा, माझा नव्हे.

आणि ह्यापुढे मला बोलू दे. तू म्हणतेस विचारलं असतंस तर सांगितलं असतंस. तू पंचवीस वर्षांची असताना मी तुला विचारलं होतं. आईसमोर. गोळ्या घेतेस ना? हो म्हणालीस. तेव्हा तुला बघायला माणसं येणार होती आणि गोळीने चेहरा सुजतो म्हणून तू सात आठवडे गोळी बंद ठेवली होतीस. तिसऱ्या जिन्यावरून पडलीस. तुला उचलून खाली आणणारा मी होतो, कारण त्या दिवशी त्या इमारतीची लिफ्ट बंद होती आणि तेव्हा मला ती दुरुस्त करता येत नव्हती. तुझ्या भुवईवर सहा टाके आहेत. माझे दिसत नाहीत म्हणून मोजता येत नाहीत, इतकंच.

आईने जाताना माझ्याकडून कबूल करून घेतलं की मी पुढेही लक्ष ठेवीन. मी ठेवलं. एकोणीस वर्षं ठेवलं. त्याची लाज वाटून घेणार नाही.

तुझी वहिनी हे वाचून म्हणाली, "माफी मागायला बसला होतात ना? मग हे काय लिहिलंत, दावा?" मी म्हटलं, खरं ते लिहिलं. ती म्हणाली, "तुमचं खरं दर वेळी तुमच्याच बाजूचं कसं निघतं हो?" आणि स्वयंपाकघरात गेली.

स्ट्रिप्स पाठवायच्या नसतील तर नको पाठवूस. मी वीस तारखेला दोन दिवसांची रजा घेऊन येतो. डबी प्रत्यक्ष बघतो, म्हणजे विषय मिटेल.

तुझा,
दादा


१६ मार्च

दादा,

येऊ नकोस.

हो, पंचविसाव्या वर्षी मी खोटं बोलले. तुझ्याशी आणि आईशी. चेहऱ्यासाठी बोलले, आणि आलेल्या माणसांनी चेहरा बघितलाही नाही, भुवईवरची पट्टी बघितली आणि चहा अर्धा ठेवून गेले. त्या सात आठवड्यांची शिक्षा किती वर्षांची आहे तेवढं सांग. चोराला सुटकेची तारीख ठाऊक असते. माझी कुठे लिहिली आहेस?

तेव्हाची पोरगी तू उचलून खाली आणलीस. त्यानंतर तू तिला खाली ठेवलंच नाहीस रे. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. माझ्या हाताखाली सहा जणी शिवायला शिकल्या. घरभाडं, आजार, आईची म्हातारपणाची शेवटची दोन वर्षं, सगळं ह्या हातांनी केलं. तू स्ट्रिप्स मोजत होतास.

डबी बघून विषय मिटणार नाही. डबी बघशील, मग खण बघशील, मग माझ्या गळ्याखाली उतरली का बघशील. तुला खात्री हवी आहे. खात्री मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही. मी फक्त सांगू शकते. ऐकायचं असेल तर बहीण आहे. नसेल तर तुझ्याकडे चोवीस स्ट्रिप्स आहेत, त्यांच्याशी बोल.

वहिनीला सांग, तिचं वाक्य मी कारखान्यात सगळ्यांना ऐकवलं. आमच्यातली एक आहे, जाडी म्हणतो तिला, ती इतकी हसली की सुई मोडली.

बारकी


२ एप्रिल

दादा,

हे मी स्वतः कळवते आहे. दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून.

सोमवारी मला फिट आली. कारखान्यात, दुपारी तीनच्या सुमाराला. नऊ वर्षांनी. आधी तोंडात तांब्याच्या पैशासारखी चव आली, ती मी ओळखली, सुई बाजूला ठेवली आणि जमिनीवर बसले. पुढचं आठवत नाही. जाडी माझ्या शेजारी शिवते. तिने स्वतःचा स्वेटर गुंडाळून माझ्या डोक्याखाली घातला, मला कुशीवर वळवलं, आणि कोणी तोंडात चमचा घालायला आलं त्याला ढकलून दिलं. दोन मिनिटं चालली म्हणे. जीभ चावली आहे, बाकी काही नाही. मालकाने दोन दिवस रजा दिली, तिसऱ्या दिवशी माझ्याच जागेवर बसवलं.

डॉक्टर म्हणाले, गोळी नियमित असली तरी कधीकधी येते. कित्येक वर्षांनीही येते. महिनाभर झोप नीट नाही, मनाला ताण, ह्याने येऊ शकते. रात्रीची मात्रा वाढवली आहे.

मी एकही गोळी चुकवलेली नाही. एकही नाही.

हे लिहिताना मला ठाऊक आहे की तुझ्या पद्धतीने सगळं माझ्या विरुद्ध जातं. स्ट्रिप्स थांबल्या आणि चार आठवड्यांत मी पडले. पाळकसाहेब काल घरी येऊन गेले. फळं आणली होती. म्हणाले, "ज्यावर तुम्ही भिस्त ठेवलीत त्याने तुम्हाला सांभाळलं का?" त्यांच्या हिशेबाने मी गोळी घेतली म्हणून पडले, तुझ्या हिशेबाने घेतली नाही म्हणून. दोघांना उत्तर मिळालं, दोघं खूश. मी मध्ये सुजलेली जीभ घेऊन बसले आहे.

मी त्यांना सांगितलं, येत्या अकरा तारखेच्या रविवारी मी पाठ वाचायला उभी राहणार. ते म्हणाले, ज्यांच्या मनात अपिस्तिया आहे त्यांनी वाचू नये, मंडळीला ठेच लागते. मी म्हटलं, मग ते वाचन बंदच ठेवा, कारण वाचणारं माणूसच मिळणार नाही. फळं ठेवून गेले. चांगली आहेत, खाते आहे.

तुझ्याकडून मला काय हवं आहे ते मी सांगणार नाही. तू हुशार आहेस.

बारकी


६ एप्रिल

प्रिय बारके,

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ते घेऊन कामावर गेलो, मशीनच्या खोलीत बसलो आणि डबा उघडला नाही. खोटं सांगत नाही, पहिला विचार तोच आला. चार आठवडे. मग तारखा मांडल्या, मग डबी हरवली असेल, खण रिकामा राहिला असेल, अशा सात शक्यता कागदावर लिहिल्या. सातही अगदी व्यवस्थित होत्या. प्रत्येकीत तू खोटं बोलत होतीस.

मग तुझी ती ओळ परत वाचली. एकही नाही. दोनदा लिहिलं आहेस.

कागद फाडला.

कालच पाळकाचं पत्र येऊन पडलं. त्याला आज उत्तर पाठवलं आहे. ह्या वेळी तुझ्या पाठीमागे नाही; नक्कल सोबत जोडतो. एखादं वाक्य नको असेल तर कळव, दुसरं पत्र लिहून ते मागे घेईन. तारीख तुझ्या रविवारच्या आधीची आहे.

मागच्या पत्रात मी दावा लिहिला होता. वहिनीचं बरोबर होतं. तिला हे वाचून दाखवलं तेव्हा तिने उठून पाकिटाला तिकीट लावलं.

जीभ बरी होईपर्यंत गरम खाऊ नकोस. कशी आहेस?

दादा


(नक्कल)

६ एप्रिल

पाळकसाहेब,

आपलं ३ एप्रिलचं पत्र मिळालं. आपण लिहिता की माझी बहीण पडली ह्याचे दोनच अर्थ होतात. एक, तिने औषध घेतलं आणि ते कामाला आलं नाही. मग आपलं म्हणणं खरं. दुसरा, तिने औषध घेतलं नाही आणि भावाला फसवलं. मग माझं फेब्रुवारीतलं म्हणणं खरं. आपण मला विचारता, बंधू, ह्यातलं तुम्हाला कोणतं पटतं?

फेब्रुवारीतलं माझं म्हणणं साफ खोटं होतं. मी चोवीस स्ट्रिप्स तपासल्या आणि एका माणसाला विचारलं नाही. त्या पत्रातला त्याविषयीचा प्रत्येक शब्द मी मागे घेतो. आपण ते पत्र भर सभेत वाचलंत. हेही तिथेच, तेवढ्याच मोठ्या आवाजात वाचावं, अशी माझी मागणी आहे. विनंती नाही.

आपला पहिला अर्थही घेत नाही. तिची गोळी नऊ वर्षं चालली आणि एका दिवशी कमी पडली. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. नऊ वर्षांनी एकदा दगा देणारी वस्तू मी माझ्या धंद्यात डोक्यावर घेऊन नाचतो. आपल्या आईबद्दल आपण लिहिलं होतं ते मी विसरलो नाही. त्या कपाटाची आपल्याला भीती वाटते, हे मी समजू शकतो. मी स्वतः एका जिन्याला घाबरून एकोणीस वर्षं काढली. पण आपल्या भीतीचं ओझं माझ्या बहिणीच्या डोक्यावर ठेवता येणार नाही. माझंही मी आजपासून काढून घेतलं आहे.

तिसरा अर्थ आहे, तो आपण मोजला नाहीत. तिने प्रत्येक गोळी घेतली आणि तरीही ती पडली. असं होतं. ह्यात कुणाचा विजय नाही म्हणून तो कुणाला सुचत नाही.

हे तुम्ही कशावरून म्हणता, असं आपण विचाराल. मी आयुष्यभर हाच प्रश्न दुसऱ्यांना विचारत आलो, तेव्हा उत्तर देणं भाग आहे. माझ्याकडे पुरावा एकही नाही. स्ट्रिप नाही, डाग नाही, डबी मी पाहिलेली नाही आणि पाहायला मागणार नाही. ती म्हणाली. म्हणून.

रविवारी ती वाचायला उभी राहणार आहे. अडवायचं असेल तर सगळ्यांच्या देखत अडवावं लागेल, आणि ती बसणार नाही, हे मी आपल्याला आधीच सांगून ठेवतो. मी तीस वर्षांत आपल्यासारख्यांच्या सभेला आलो नाही. ह्या रविवारी यायची फार इच्छा आहे. तरी येणार नाही. आलो तर लोक म्हणतील, भाऊ राखणीला आला.

तिला राखण लागत नाही.

तिचा भाऊ